धुरपताबाईचा नदीकाठ

गोंदियातले लोक संध्याकाळी पांगोली नदीच्या काठावर फिरायला येतात आणि तिथल्या बागेला ‘साहेबाची बाग’ म्हणतात. कोण साहेब, कुठला साहेब, कोणी विचारत नाही. चांगली गोष्ट दिसली की ती कोण्या साहेबानंच केली असणार, ही आपल्या लोकांची जुनी खोड. मी लग्न होऊन नदीटोल्यात आले तेव्हापासून त्या काठावर खुरपं घेऊन बसलेला एकही साहेब पाहिला नाही. बसलेली पाहिली ती माझी मोठी जाऊ, धुरपताबाई.

लहान जावेनं मोठीला ‘ती’ म्हणू नये हे मला कळतं. तोंडावर मी तिला ‘बाई, तुम्ही’ असंच म्हणते. पण एका चुलीवर जिच्याशी जन्मभर भांडले तिचं कौतुक ‘त्या, त्या’ करत केलं, तर ते शोकसभेतल्या भाषणासारखं वाटेल. ती तर अजून ठणठणीत आहे आणि आज सकाळीच मला डाळ पातळ झाली म्हणून बोलली आहे. तेव्हा ‘ती’च बरं.

ती कामठ्याची. माहेरी धानाची शेती, सासरीही धानाचीच. नदीटोला म्हणजे शहराच्या कडेची छोटी वस्ती, आणि आमची जमीन मालगुजार केशोरावांकडून कसायला घेतलेली. त्या जमिनीच्या टोकाला, नदीला लागून, एक उंच रेताड पट्टा होता. तिथं पाणी थांबत नाही, म्हणून धान होत नाही. आणि आमच्याकडं जिथं धान होत नाही त्या जमिनीला कोणी जमीन म्हणत नाही. सगळं कांसाचं गवत माजलेलं, पुरुषभर उंच.

धुरपताबाई सासरी आली ती ओल्या फडक्यात शेवंतीचे फुटवे बांधून. पहिल्या वर्षीच तिनं तो पट्टा मागून घेतला. सासूबाईंनी विचारलं, “फुलं का शिजवून खाशीन?” त्यावर हिचं उत्तर असं, की भात तर सगळेच शिजवतात. नव्या सुनेचं हे बोलणं टोल्यात बरेच दिवस चघळलं गेलं.

कांसाशी ती सुरुवातीला फार भांडली. कुदळीनं मुळं काढायची, दुसऱ्या पावसात ती पुन्हा हजर. कांसाचं मूळ म्हणजे आमच्या धुरपताबाईचाच स्वभाव, वरून कितीही कापा. शेवटी दोघांनी तह केला. कडेकडेनं कांस राहील आणि गुरांना अडवेल, आत शेवंती आणि झेंडू राहील. नांगर तिनं तिथं कधी घातला नाही. एकेक रोप खुरप्यानं लावलं. मी घरात आले तेव्हा तो काठ पुरता तयार झाला होता.

तो पाहायचा तर आश्विन-कार्तिकातच. पावसाळाभर गढूळ असलेलं पांगोलीचं पाणी तेव्हा निवळतं आणि तळातली वाळू दिसू लागते. कांसाला पांढरे तुरे येतात, वारा आला की सगळा काठ एका बाजूला झुकतो आणि पुन्हा उभा राहतो. त्या पांढऱ्याच्या आत पिवळी शेवंती, तिच्या पलीकडं झेंडू, आणि मागं लांबवर ओंब्या भरून वाकलेला, उशिरा पिकणारा भारी धान, अर्धा हिरवा, अर्धा सोन्याचा. पाण्याच्या कडेला बगळे. कधी सारसांची जोडी धानात उतरते आणि तिची हाक टोल्यापर्यंत ऐकू येते. सकाळी दवानं पाय भिजतात आणि नदीवर पातळ धुकं असतं. कार्तिकस्नानाला बायका उतरल्या की त्यांचे दिवे त्या धुक्यात हलताना दिसतात. भुलाबाईच्या दिवसांत शहरातल्या पोरी इथंच गाणी म्हणायला येत. रेल्वेतल्या बाबूंच्या बायका येत, गिरणीतल्या बाया सुट्टी झाली की येत, पाय पाण्यात सोडून बसत. धुरपताबाई कोणाला हाकलत नसे. फक्त फुलाला हात लावला की तिचा आवाज नदीच्या पलीकडं जाई.

आता तिच्या नवऱ्याविषयी. माझे भासरे सेवकराम म्हणजे गाय. मोठ्यानं बोलत नाहीत, मान वर करत नाहीत. पण दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली आणि दंडारीचा खेळ उभा राहिला, की हेच सेवकराम लुगडं नेसून राणी होत आणि अशी काही ठसक्यात चालत, की म्हातारे उठून पुढं येऊन बसत. ती चाल त्यांना धुरपताबाईनं शिकवली होती. टोल्यात म्हणतच, घरचा राजा धुरपता आणि मंडईची राणी सेवकराम. दोघांनाही त्याचं काही वाटत नसे.

आणि मालगुजार केशोराव. माणूस वाईट नव्हता. मोठं पोट, मोठं हसणं, दाराशी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचा नाही. पण त्याच्यात एक खोड होती, आणि ती सगळ्या टोल्याला पाठ होती. ‘हो मालक’ म्हटलं की तो झोपायचा, ‘नाही मालक’ म्हटलं की उठून बसायचा. खोलगट, पाणी साचणाऱ्या धानाच्या बांधीत आंबे लावू नका असं लोक म्हणाले, म्हणून त्यानं आंबे लावले आणि ते कुजले. बैल लंगडा आहे म्हणाले, म्हणून तोच घेतला. त्याला अडवलं की तो जाणारच, मग पुढं विहीर का असेना.

सन छत्तीसची गोष्ट. गोंदियात तेव्हा एकामागून एक भाताच्या गिरण्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका गिरणीचे मालक श्यामलालसेठ केशोरावांकडं आले. गिरणीच्या भट्टीतली कोंड्याची राख आणि काळं पाणी टाकायला त्यांना जागा हवी होती, नदीजवळची, गाड्या जातील अशी. केशोरावांनी पानाचा डबा पुढं केला आणि आमचा पट्टा देऊन टाकला. मंडई झाली की ताबा घ्या, म्हणाले. आम्हाला निरोप नंतर आला.

त्या दिवशी धुरपताबाईनं जेवण केलं नाही. दुसऱ्या सकाळी ती केशोरावांच्या वाड्यावर गेली, सोबत मलाही ओढलं. तिनं मुळीच आवाज चढवला नाही. पदर धरून सांगितलं, की मालक, माझं सगळं तारुण्य त्या रेतीत गेलं आहे. धानाची एखादी बांधी कमी करा, पण काठ ठेवा. तिथं राख पडली तर नदीही काळी होईल आणि शहरातल्या बायकांना दोन घटका बसायलाही जागा उरणार नाही. केशोराव ऐकताना कळवळले होते, हे मी पाहिलं. पण म्हणाले, “शब्द देऊन बसलो ना धुरपता. मालगुजाराचा शब्द माघारी कसा घेऊ?” आणि आम्हाला लाडू बांधून दिले. येताना तिनं ते लाडू मला दिले आणि वाटभर एक शब्द बोलली नाही. धुरपताबाई गप्प, हे मला पहिल्यांदाच दिसत होतं आणि मला त्याची भीती वाटली.

त्या साली हत्तीचा पाऊस असा कोसळला की टोल्याची बोडी, म्हणजे आमचं छोटं तळं, फुटून वाहिली. मंडईची जुनी जागा त्या बोडीच्या खालच्या अंगाला, मातामायच्या देवळाजवळ. दसरा गेला, दिवाळी आली तरी तिथं गुडघाभर चिखल. चहूकडं धान उभा. मंडई भरवायची कुठं, याचा घोर केशोरावांना लागला. कारण मंडई न भरणं म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या गावांत नाक कापून घेणं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वाड्याच्या ओसरीवर गाव बसलं. गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांचा म्हातारा मंगरूही होता. मंडईची ढाल आणण्याचा मान त्याचा. ढाल म्हणजे उंच बांबू, शेंड्याला मोरपिसांचा झुबका. ती वाजतगाजत येते, जमिनीत रोवतात आणि मालगुजार तिच्या पायाशी नारळ फोडतो, की मंडई सुरू. लोक एकेक जागा सुचवत होते आणि स्वतःच खोडत होते. टोल्यातल्या उदारामनं स्वतःचा खळवाडीचा तुकडा सांगितला, तोही ओला. आम्ही बायका दाराशी उभ्या होतो.

तेवढ्यात धुरपताबाई माझ्या शेजारून सरळ ओसरीपुढं गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मालक, माह्या नदीकाठावर मंडई भरवून राहिले म्हणे तुमी. मी भरू देनार नाई.”

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. नदीकाठ तोपर्यंत कोणाच्या मनातही आला नव्हता. केशोरावांनी विचारलं, असं कोण म्हणालं. ती म्हणाली, कोणी का म्हणेना, माझ्या शेवंतीवर गावाचा पाय पडू देणार नाही. जागा उंच आहे, कोरडी आहे, वाळूची आहे, शहरातले लोक येतील, सगळं खरं. पण मी देणार नाही म्हणजे नाही. मालगुजार असाल तुमच्या वाड्यात.

मी मागोमाग जाऊन तिचा पदर ओढत होते. केशोराव आधी ऐकतच राहिले, मग त्यांचं तोंड लाल झालं. जमीन कोणाची, त्यांनी विचारलं. तुमची, पण घाम माझा, ती म्हणाली. मग पाहतोच, ते म्हणाले, मंडई तिथंच भरेल, आणि नारळ मी माझ्या हातानं फोडेन. सेठला ताबा मंडईनंतरच द्यायचा आहे, आधी गावानं जागा वापरली तर काय बिघडलं? मंगरूनं हळूच म्हटलं, की जुनी जागा पाण्याखाली गेली म्हणजे मातामायनं ती स्वतःच सोडली, आता मालक दाखवतील तिथं. झालं, ठरलं. धुरपताबाई पाय आपटत निघून आली.

घरी येऊन मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. एवढंच म्हणाले, की राख पडणारच होती, त्याआधी चार दिवस फुलं तरी डोळ्यांसमोर राहिली असती. तुमच्या तोंडानं तीही घालवली. सेवकराम भासरे चुलीपाशी बसून पायातला काटा काढत होते आणि त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. मला तेव्हा वाटलं, बिचारे रडताहेत.

मंडईच्या आदल्या दिवशी उन्हं उतरल्यावर तिनं टोल्यातल्या सगळ्या बायका गोळा केल्या. काठावर उभी राहिली, पांढऱ्या कांसाकडं, पिवळ्या वाफ्यांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, तोडा. एक फूल ठेवू नका. मी तोडत होते आणि माझेच डोळे भरत होते. टोपल्या, सुपं, लुगड्यांचे ओचे, सगळं भरलं. उघडे वाफे पाहवत नव्हते. ती मात्र माळा कुठं लावायच्या ते सांगत फिरत होती.

दुसऱ्या दिवशी तो काठ ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. जुन्या जागेवर आजूबाजूची चार गावं यायची, इथं अर्धं गोंदिया लोटलं. कांसाच्या पांढऱ्या कुंपणातून माणसांची रीघ लागली. मिठाईवाले, बांगड्यावाले, पाळणा. बैलांच्या शिंगांना शेवंती, दुकानांच्या मेढींना झेंडू, दंडारीच्या ढोलालासुद्धा माळ. खाली पांगोलीचं निवळ पाणी, त्यात वरची सगळी पिवळी गर्दी उलटी दिसत होती. मग डफ वाजले आणि मंगरू ढाल घेऊन आला. शेंड्याला मोरपिसं, आणि खाली बुडापर्यंत धुरपताबाईच्या माळा. बरोबर मधल्या वाफ्यात ती रोवली. केशोराव नवं धोतर नेसून पुढं झाले, धुरपताबाईकडं एक तिरपी नजर टाकली आणि एका दणक्यात नारळ फोडला. लोकांनी मातामायचा जयजयकार केला. माझी जाऊ खाली मान घालून उभी होती, हरलेल्या बाईनं उभं राहावं तशी.

श्यामलालसेठ पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्या गळ्यात मोठा हार पडला. गर्दीतून वाट काढत ते जागा पाहू लागले आणि आपल्या मुकादमाला हातानं दाखवू लागले, की गाड्या इकडून येतील आणि राख इथं पडेल. मंगरू ढालीपाशीच होता. त्यानं ऐकलं आणि केशोरावांकडं वळला.

“इथं राख, मालक? इथं तं नारेल फुटला ना जी.”

केशोरावांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. तो तसाच राहिला. ढालीपाशी नारळ फुटला की ती जागा मातामायची. तिथं घाण टाकायची नाही, नांगर घालायचा नाही. हे आमच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण मंडईची जागा केशोरावांच्या आजोबांपासून एकच. नवी जागा होताना जिवंत माणसानं पाहिलीच नव्हती, म्हणून तो नियम सगळ्यांच्या डोक्यात झोपला होता. एका डोक्यात तेवढा जागा होता. केशोरावांनी हळूहळू मान वळवली. धुरपताबाई ढालीवरची एक सरकलेली माळ नीट करत होती आणि तिला त्या क्षणी जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात नट एकच आहे असं मी समजत होते.

सेठ देवभोळा माणूस. त्यानं आधी पायातले जोडे काढले. मग म्हणाला, “राम राम, पहले बताते मालगुजारजी, हमसे पाप हो जाता.” ढालीला हात जोडले, खोबरं कपाळाला लावून खाल्लं आणि मुकादमाला वीटभट्टीजवळचे जुने खड्डे पाहायला सांगितलं. शब्द माघारी घ्यायची पाळीच केशोरावांवर आली नाही, शब्द मागणाऱ्यानंच तो परत केला. संध्याकाळी दंडार रंगली. राणी झालेल्या माझ्या भासऱ्यांनी त्या दिवशी अशी चाल चालून दाखवली की ढोलकीवाला वाजवायचं विसरला. टोल्यातल्या बायका धुरपताबाईभोवती गोळा झाल्या होत्या आणि तिच्या तोंडात बळंच जिलबी कोंबत होत्या. मीही कोंबली. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला शोधत काठावर गेले, तर ती वाफ्यात बसून रडत होती. गर्दी गेली होती. शेवंतीची झाडं मातीत तुडवून सपाट झाली होती, कडेचा कांससुद्धा ठिकठिकाणी मोडला होता. वरून धुकं उतरत होतं आणि ढाल तेवढी मध्ये उभी होती, दवानं ओली. मी शेजारी बसले. मातीत हात घातला. बोटाला जिवंत फुटवा लागला. मग दुसरा. शेवंतीचं असंच असतं, वर काही उरलं नाही तरी खाली पिल्लं धरलेली असतात. मी तिला दाखवलं. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, खुरपं आणलंस का, की नुसतीच आलीस?

आम्ही दोघी फुटवे बाजूला काढत होतो तेवढ्यात केशोराव काठीवर भार देत आले. रात्रभर झोप लागली नसावी. म्हणाले, “धुरपता, मले सांग. काठ पाहिजे होता तं भांडली काऊन?”

तिनं खुरपं बाजूला ठेवलं आणि पदर सारखा केला. “भांडली नसती तं तुमी नारेल फोडला असता का, मालक?”

केशोराव हसू लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, शेवटी ते ढालीला धरून उभे राहिले. असा हसलेला मालगुजार मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी त्याच ठिकाणी सांगितलं, की देवीच्या जागेवर नांगर चालत नाही, पण खुरपं चालतं, कारण फूल देवीचंच. काठ सेवकरामच्या घराकडंच राहील. मग डोळे पुसत जायला निघाले.

दहा पावलं गेल्यावर धुरपताबाईनं मागून हाक मारली. “आन मालक, पुढच्या साली इथं मंडई भरवू नका बाप्पा. माही फुलं जातेत सारी.”

“इथंच भरन,” केशोराव गर्रकन वळून गरजले, “पाहतो मी कोन अडवते...” आणि तोंड उघडं ठेवूनच थांबले.

धुरपताबाई मातीकडं पाहत फुटवे मोजल्यासारखं करत होती.

तेव्हापासून दर कार्तिकात मंडई तिथंच भरते. त्याआधी आम्ही सगळी फुलं तोडून ढालीला चढवतो, आणि वाफ्यांमधून माणसांना जायला वाट सोडतो, म्हणून झाडं पुन्हा तुडवली गेली नाहीत. यंदा स्वराज्य आलं, तर अशी गर्दी झाली की पलीकडच्या काठावरही माणसं बसली. तिकडंही तिनं आता शेवंती लावायला घेतली आहे. ती जमीन दुसऱ्या मालगुजाराची आहे, आणि त्याचा स्वभाव कसा आहे याची ती चौकशी करते आहे.